राब, दळी आणि वणवा

गेल्या फाल्गुनात आमच्या वरकस जमिनीत वणवा शिरला. होळी होऊन चार दिवस झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास खालच्या पाणंदीकडून धूर दिसला आणि तासाभरात आग डोंगराच्या सोंडेवर पोचली. कंबरेइतके वाळलेले गवत, त्यात घाणेरी आणि रानमोडीची जाळी. वाडीतली माणसे ओल्या टहाळ्या घेऊन धावली, पण त्यांत साठीच्या आतले तिघेच होते. संध्याकाळी आग आपसूक थांबली तेव्हा वीस-बावीस काजू आणि आंब्याची सात कलमे गेली होती. आग कोणी लावली ते कळले नाही. ते शोधण्यात मला फारसा अर्थही वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीतले एक आजोबा काठी टेकत वर आले. त्यांचे वडील आमच्या घराचे कूळ होते. काळ्या पडलेल्या उतारावर नजर फिरवून ते म्हणाले, "वणवा काय नवा नाय. पण पूर्वी तो इथवर येत नसे. डोंगरात जळायला काय शिल्लकच नसायचं. सगळं आम्ही राबाला खाली न्यायचो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. शाळेत असल्यापासून मी ऐकत आलो होतो, की राब भाजणे ही जुनी, अडाणी, झाडे मारणारी पद्धत आहे. आणि इथे एक माणूस सांगत होता, की भाजणे थांबले म्हणून जळणे वाढले. त्याचे खरे की शाळेतले खरे, हे पाहण्यासाठी मी वर्षभर जुनी गॅझेटियरे, शेतकी खात्याचे अहवाल आणि जंगल कायद्याचा इतिहास वाचत राहिलो. हा लेख त्या वाचनाचा. त्यातून जे हाती लागले ते थोडक्यात असे : कोकणात आग एक नव्हती, तीन होत्या. सरकारने त्या तिन्हींना एकच नाव दिले आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

पहिली आग राबाची. कुठे तिला भाजावळ म्हणतात, कुठे दाढ भाजणे. ही आग शेतात, बांधाच्या आत, पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपांसाठी लावली जाते. दुसरी आग दळीची. डोंगरउतारावरची झाडे-झुडपे तोडायची, तिथेच वाळू द्यायची, जाळायची आणि त्या राखेत नाचणी-वरी पेरायची. दोन-तीन पिके घेऊन तो तुकडा काही वर्षे सोडून द्यायचा. दक्षिणेकडे, कानडा मुलखात आणि सावंतवाडीच्या बाजूला, याच शेतीला कुमरी म्हणत. कुलाबा-ठाण्याच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी ती करत. तिसरी आग वणव्याची. तिला बांध नाही, मालक नाही आणि बहुतेकदा हेतूही नाही. बिडीचे थोटूक, शिकाऱ्याने लावलेली काडी, नवे गवत लवकर यावे म्हणून पेटवलेले माळरान, किंवा दुसऱ्याच्या बागेतून उडून आलेली ठिणगी, यांतून ती लागते.

या तिन्हींतली राबाची आग सर्वांत लहान आणि सर्वांत कष्टाची. ती कशी लावतात हे आता गावातल्या तरुणांनाही सांगावे लागते, म्हणून जरा तपशिलात जातो.

पावसाळा सरला आणि भात झोडून झाले की कवळतोड सुरू होई. कवळ म्हणजे राबासाठी तोडलेला पानांसकट टहाळ. त्यासाठी ऐन आणि किंजळ ही झाडे मुख्य. झाड बुडातून तोडायचे नाही. वर चढून कोयतीने फांद्या उतरवायच्या आणि शेंडा राखायचा. ऐनाला पुन्हा धुमारे फुटतात, म्हणून एकच झाड पिढ्यान्‌पिढ्या टहाळ देई. कोकणात फिरताना बांधावर किंवा वरकसात खांबासारखी उभी, गाठाळ, डोक्यावर पानांचा झुबका असलेली ऐनाची झाडे अजून दिसतात. ती झाडे म्हणजे राबाची उरलेली खूण. तोडलेले कवळ भारे बांधून खाली आणायचे आणि वाळवायचे. हे भारे बहुतेक बायांच्या डोक्यावरून येत. पौष-माघात डोंगरातले गवत कापले जाई. चांगले गवत गुरांना, निकस गवत राबाला. पातेरा, म्हणजे झाडाखाली पडलेला वाळका पाला, झाडून गोळा होई. काटेरी झुडपे तोडून कुंपणाला आणि उरलेली राबाला जात.

मग शेतातल्या ठरलेल्या तुकड्यावर हे सगळे थरांनी रचायचे. खाली शेण किंवा मोडलेल्या शेणी, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांत वर बारीक मातीचा पातळ थर. माती दोन कामे करते. वाऱ्याने पाला उडू देत नाही आणि आगीला भडकू देत नाही. पेटवायचे ते वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून. म्हणजे आगीला वाऱ्याविरुद्ध मागे मागे सरकावे लागते. ती धावत नाही, धुमसते. भडकलेली आग वरचे वर जाळून निघून जाते. धुमसणारी आग खालची माती तापवते. राब भाजणारा माणूस जाळायला आलेला नसतो, तो माती शेकायला आलेला असतो. 'भाजणे' हे क्रियापद त्यासाठीच आहे. राब कोणी 'जाळत' नाही.

क्षेत्र किती? भाताच्या लावणीला जेवढी जमीन, तिचा साधारण दहावा हिस्सा रोपवाटिकेला लागतो. एकरभर खाचराला चार गुंठे. या चार गुंठ्यांत रोहिणीत धूळपेरणी करायची किंवा मृगाचा पहिला पाऊस पडला की बी फेकायचे. तीन-चार आठवड्यांनी तरवा काढून सगळ्या खाचरात लावायचा. कोकणात पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या आसपास आणि तोही चार महिन्यांत. जांभ्याची आम्ल माती या पावसात धुपत राहते. पेरणीनंतर उसंत न देणाऱ्या अशा पावसात रोपाला पहिल्या पंधरा दिवसांत जोम मिळाला नाही, तर तण त्याला गिळते. राबाने तणाचे बी भाजून जाते, राखेतून पालाश आणि चुना मिळतो, मातीची आम्लता थोडी उतरते, आणि तापलेल्या मातीतला नत्र रोपाला लवकर घेता येतो. ही कारणे शेतकऱ्याला ठाऊक नव्हती. राबाच्या तुकड्यातला तरवा हिरवागार येतो आणि बाजूचा पिवळा पडतो, एवढे त्याला ठाऊक होते.

ही व्यवस्था उभी राहायची तर खाचराबरोबर डोंगर लागतो. म्हणूनच कोकणात भातजमिनीला जोडून वरकस असते. नाचणी, वरी, हरीक पिकवणे हा वरकसाचा एक उपयोग. गवत, कवळ आणि पातेरा देणे हा दुसरा. इंग्रजी अमलातल्या मोजणीदारांनी वरकसाला आकार कमी लावला, पण तिला भातशेतीचा भाग मानले. शेतकऱ्याच्या हिशेबात खालचे खाचर आणि वरचा उतार ही एकच जमीन होती.

जंगल खात्याच्या हिशेबात तसे नव्हते.

मुंबई इलाख्यात जंगलांसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला तो १८४७ साली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्यांचे नाव. पेशाने वैद्य आणि वनस्पतींचे जाणकार. डोंगर उघडे पडले तर झरे आटतील आणि गाळ खाड्यांत येईल, ही त्यांची चिंता खरी होती. कुमरीवर त्यांचा रोख होता. कुमरीविरुद्धची मोहीम पुढे कानडा मुलखात आणि मद्रास इलाख्यातही चालली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि लाकडाच्या मागणीचे मापच बदलले. रुळांखालचे स्लीपर, बांधकाम, मुंबई शहराची चूल या सगळ्यांसाठी लाकूड आणि कोळसा ठाण्या-कुलाब्याच्या डोंगरांतून खाड्यांच्या वाटेने जाऊ लागला. डोंगर उघडे पडत होते यात शंका नाही. पण त्याचा जाब विचारला गेला तो कोयती घेऊन झाडावर चढलेल्या माणसाला.

१८७८ चा जंगल कायदा हा या गोष्टीतला मोठा टप्पा. त्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग केले. राखीव जंगलात परवानगीवाचून झाड तोडणे, फांदी छाटणे, आग लावणे हे गुन्हे झाले. संरक्षित जंगलात सरकार नियम करील तसे. कायद्याचा खरा घाव एका शब्दात होता. लोक ज्याला वहिवाट म्हणत, तिला कागदावर 'हक्क' न म्हणता 'सवलत' म्हटले गेले. हक्क काढून घ्यायचा तर कारण द्यावे लागते; सवलत देणाऱ्याने कधीही परत घ्यावी. साग, शिसव आणि चंदन यांवर सरकारचा दावा जुनाच होता. आता ऐनाचा प्रश्न आला. जंगल खात्याला ऐन इमारती लाकूड म्हणून सरळ, उंच हवा होता. शेतकऱ्याला तो दरवर्षी छाटता येईल असा, बुटका आणि झुबकेदार हवा होता. एकाच झाडाकडे पाहण्याच्या या दोन नजरा होत्या आणि त्यांतली एक आता कायद्याची झाली.

त्याच सुमारास जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याची गॅझेटियरे निघत होती. रत्नागिरीचे १८८० साली, ठाण्याचे १८८२ साली, कुलाब्याचे १८८३ साली. त्यांत राबाचे वर्णन आहे आणि ते तुच्छतेने केलेले नाही. थर कसे रचतात, आग कोणत्या बाजूने लावतात, हे लिहिणाऱ्याने नीट पाहिलेले दिसते. म्हणजे सरकारचा एक हात राबाची पद्धत समजून घेऊन नोंदवत होता आणि दुसरा हात त्याच पद्धतीला गुन्ह्याच्या यादीत बसवत होता.

लोकांची नाराजी वाढत गेली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली. गायराने आणि डोंगर जंगल खात्याने घेतल्यामुळे शेतकऱ्याची गुरे आणि शेती कशी अडचणीत आली, हा त्यातला एक ठळक मुद्दा आहे. फुले देशावरच्या शेतकऱ्याविषयी अधिक बोलत असले, तरी दुखणे तेच होते. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या आल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राब हा त्या चौकशीतला एक मध्यवर्ती प्रश्न होता : राब खरोखर आवश्यक आहे का, की ती निव्वळ सवय आहे? आवश्यक असेल तर टहाळ कुठून घ्यायचा? झाडे न छाटता भागेल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम शेतीखात्याकडे आले. इलाख्याचे शेतकी संचालक ओझान यांनी लोणावळ्याला राबाचे प्रयोग केले. शेण, कवळ, गवत, पाला असे वेगवेगळे जिन्नस भाजून आणि न भाजता रोपे वाढवून पाहिली. अतिपावसाच्या पट्ट्यात राबाचा फायदा उघड दिसतो, याच बाजूला ते प्रयोग झुकले. पुढे १८८९ च्या अखेरीस जॉन ऑगस्टस व्होल्कर हे कृषिरसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात राबाची दखल आहे. इथला शेतकरी अडाणी म्हणून मागे आहे, हे गृहीतच व्होल्कर यांनी नाकारले होते. सरपणाला लाकूड मिळाले तर शेण खत म्हणून शेतात जाईल, आणि त्यासाठी जंगल खात्याने शेतीची गरज भागवणारी राने वाढवावीत, असा त्यांचा आग्रह होता.

राबावरचा सर्वांत नेटका अभ्यास मला वाटतो १९१२ चा. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी तो केला. मॅन आणि कानिटकर ही नावे मराठी वाचकाला पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीमुळे परिचित असतील. ती पाहणी नंतरची, १९१७ साली प्रसिद्ध झालेली. राबाच्या अभ्यासात त्यांनी एक साधा पण नेमका प्रश्न घेतला : गुण राखेचा की उष्णतेचा? मातीवर नुसती राख पसरली तर राबाचे सगळे फळ पदरात पडत नाही; माती तापण्याला स्वतःचे महत्त्व आहे, हे त्यातून पुढे आले. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेडच्या प्रयोगशाळेत याच सुमारास माती तापवल्यावर तिच्यातले सूक्ष्मजीव आणि नत्र यांचे काय होते, यावर काम चालले होते. आमच्या डोंगरातल्या माणसाने मातीचा पातळ थर देऊन आग धुमसत ठेवण्याची जी रीत बसवली होती, तिचे कारण असे शास्त्राच्या कागदावर आले.

इथपर्यंत वाचून माझा कल सरळ शेतकऱ्याच्या बाजूला झाला होता. पण मग मी स्वतःला थांबवले. जंगल खात्याची बाजू खोटी होती का?

पूर्ण खोटी नव्हती. वरकसावर माणसे कमी होती तोवर ऐनाला धुमारे फुटायला अवधी मिळे. कुटुंबे वाढली, खाचरांच्या वाटण्या झाल्या, प्रत्येक वाटेकऱ्याला चार गुंठे का होईना राब हवा झाला, तेव्हा तेच झाड दरवर्षी ओरबाडले जाऊ लागले. पातेरा झाडून नेला की झाडाखालच्या मातीला काही उरत नाही. खाचर पोसले जाई ते डोंगराच्या जिवावर, हे मान्य करायला हवे. आणि कष्टही सगळ्यांचे सारखे नव्हते. आमचे घर लहानसे खोताचे. आमच्या खाचरांचा राब माझ्या आजोबांनी कधी भाजला नाही. तो कुळांनी भाजला. आधी आमचा, मग वेळ उरला तर स्वतःचा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कुळांना जमिनीचे मालक होण्याची वाट मोकळी झाली. राबाविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने एवढे तरी लक्षात ठेवावे, की ते शहाणपण आमच्या घरचे नव्हते.

तरीही खात्याची एक चूक मूलभूत होती. आग म्हणजे जंगलाचा शत्रू, मग ती कोणतीही असो, हे सूत्र त्याने धरले. १८६० च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात वणव्यापासून संरक्षणाचा प्रयोग झाला आणि नंतर जाळरेषा काढून आग पूर्ण बंद ठेवणे हे चांगल्या वनव्यवस्थेचे माप झाले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या सागवानात खुद्द वन-अधिकाऱ्यांनाच दिसू लागले, की आग वर्षानुवर्षे बंद ठेवली की खालचे झाडोरे माजतात, सागाचे रोप उठत नाही, आणि कधी आग लागलीच तर ती आटोक्यात राहत नाही. मग हंगामाच्या सुरुवातीला, गवत अर्धे ओले असताना, बेताने जाळून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आली. जाळरेषा काढणे म्हणजे तरी काय? वणवा येण्याआधी गवताचा पट्टा स्वतःच कापून, जाळून टाकणे. आगीला आगीनेच अडवण्याची ही रीत खात्याने आपल्यासाठी ठेवली. गावाकडे तशी रीत असेल हे मात्र त्याला सुचले नाही. आजही लागू असलेल्या १९२७ च्या जंगल कायद्याच्या कलम २६ मध्ये राखीव जंगलात आग लावणे आणि फांद्या छाटणे हे दोन्ही गुन्हे शेजारी शेजारी आहेत.

एवढे असूनही राब कायद्याने संपला नाही. तो संपत आला तो दुसऱ्याच वाटांनी. मुंबईच्या गिरण्यांनी आणि नंतर कारखान्यांनी हात नेले. झाडावर चढणारे हात आधी गेले, भारे उचलणाऱ्या बाया मागोमाग गेल्या. युरियाची गोण आली. गुरे कमी झाली, तसे गवत कापायचे कारण गेले आणि थरात घालायला शेणही उरले नाही. गॅस आला, तसे सरपण डोंगरातच राहिले. झाडतोडीचा १९६४ चा कायदा आणि खासगी वने संपादनाचा १९७५ चा कायदा यांच्यामुळे वरकसात झाडे असलेल्या माणसाला, आपली जमीन उद्या कोणत्या नोंदीत जाईल, ही धास्ती बसली. त्या धास्तीने काहींनी झाडेच काढून टाकली. फलोद्यानाच्या योजनांत काजू आणि कलमे लागली. पण बाग लावणारा मालक मुंबईला आणि बेणणी मजुरांवर. मजूर मिळाले तर बेणणी, नाही तर गवत उभे.

आजोबांच्या वाक्याचा अर्थ इथे लागतो. राबाची व्यवस्था म्हणजे दरवर्षी अख्ख्या डोंगराची झाडलोट होती. एकराच्या दहाव्या हिश्श्यात भाजायला जे लागे, ते कितीतरी मोठ्या उतारावरून गोळा होई. म्हणजे डोंगरातले जळण माणसे डोक्यावरून खाली आणत, बांधाच्या आत ठेवत, माती टाकत आणि वारा बघून पेटवत. आता ते जळण खाली येत नाही. ते जिथे वाढले तिथेच फाल्गुनापर्यंत वाळत उभे राहते आणि पहिल्या ठिणगीची वाट पाहते. हा माझा निष्कर्ष आहे. कोकणातल्या प्रत्येक वणव्याला तो लागू पडेल असा माझा दावा नाही. पण आमच्या सोंडेपुरता तरी मला तो डोळ्यांनी दिसला. ज्या एका कुटुंबाने गुरांसाठी गवत कापून नेले होते, त्यांच्या हद्दीवर आग येऊन विझली होती.

हल्ली वणव्याची खबर उपग्रहावरून येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था ती वनखात्याला आणि नाव नोंदवलेल्या नागरिकांना पाठवते. सोय चांगली आहे आणि तिचा उपयोग होतो. पण त्यातल्या एका उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका ३७५ मीटर लांब-रुंद असतो. त्या ठिपक्यात चार गुंठ्यांचा राब आहे, दळी आहे की पेटलेला डोंगर, हे वरून कळत नाही. १८७८ च्या कायद्याला जे दिसत नव्हते ते आकाशातून पाहतानाही दिसत नाही. ते पाहायला गावात माणूस लागतो.

दळीचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. रायगडच्या डोंगरांतल्या दळीधारकांनी आपल्या जमिनींसाठी दीर्घ लढा दिला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांच्या दाव्यांना कायद्याचा आधार मिळाला. 'सवलत' हा शब्द पुसून पुन्हा 'हक्क' लिहायला सव्वाशे वर्षे लागली.

मग आता पुन्हा राब भाजावा का? मला तसे वाटत नाही. छाटायला ऐन उरले नाहीत, चढायला माणसे नाहीत, आणि सेंद्रिय पदार्थ जाळण्यापेक्षा मातीत गेलेला बरा, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. दापोलीचे कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर रोपे करायला सांगते. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख आणि खाचराला गिरिपुष्पाचा पाला वापरतात. राखेचा गुण घ्यायचा, पण डोंगराला हात लावायचा नाही, असा तो विचार आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीत तर नांगरणी, चिखलणी आणि लावणीच नाही, म्हणून राबाचा प्रश्नच उरत नाही. हे पर्याय उपयोगी आहेत. पण ते सगळे खाचराचे पर्याय आहेत. राबाने खाचराला जे दिले त्याची भरपाई ते करतात. राबाने डोंगराचे जे काम केले, त्याचे काय, हा प्रश्न त्यांत कोणी विचारलेला नाही. भाजणे सोडून द्यायला हरकत नव्हती. त्याबरोबर आपण गोळा करणेही सोडून दिले, ही चूक झाली.

यंदा मी पौषातच गावी गेलो. आजोबा झाडाखाली बसून सांगत होते आणि आम्ही चौघे कापत होतो. बागेच्या कडेने दहा हात रुंदीचा पट्टा मोकळा केला. घाणेरी मुळासकट काढली. गवत पेंढ्या बांधून खाली आणले. निम्मे शेजारच्या गोठ्यात दिले, निम्मे कलमांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसरले, पण खोडापासून लांब. पातेरा खड्ड्यात भरला. तरीही काटेरी झुडपांचा एक ढीग उरलाच. तो कुजणार नव्हता आणि ठेवला असता तर फाल्गुनात घातकच ठरला असता.

तो ढीग आम्ही मोकळ्या खाचरात नेला. ग्रामपंचायतीला आणि वनरक्षकाला आधी सांगितले, पाण्याचे दोन पिंप भरून ठेवले. पहाटे दव होते आणि वारा नव्हता. मी काडी ओढणार तोच आजोबा म्हणाले, "थांब. आधी माती टाक." आम्ही घमेल्याने बारीक माती वर पसरली. मग बोट ओले करून त्यांनी हवेत धरले, मला ढिगाच्या पलीकडच्या बाजूला पाठवले आणि तिथून पेटवायला लावले. ज्वाळा फारशी दिसलीच नाही. ढीग दुपारपर्यंत धुमसत राहिला.

दुपारी आम्ही पाणी मारले आणि राख फावड्याने उलथीपालथी करून पाहिली. आजोबांनी खालची माती मुठीत घेतली, चुरली आणि माझ्या हातावर ठेवली. ती अजून कोमट होती. "इथं वांगी लाव," ते म्हणाले आणि काठी घेऊन घराकडे निघाले.